मित्र नेमके कुठे हरवतात? कामात, फोनमध्ये की राजकारणात?

कृष्णाकाठ:

मैत्री का तुटली असं विचारलं की हल्ली बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं: राजकारण. जून २०२२ मध्ये शिवसेना फुटली, जुलै २०२३ मध्ये राष्ट्रवादी. २०२४ मध्ये आधी लोकसभा आणि मग विधानसभा. या काळात किती शाळासोबत्यांचे ग्रुप ओस पडले ते आपण सगळ्यांनीच पाहिलंय. तरी मला हे उत्तर पुरतं पटत नाही. भांडण शेवटी होतं. मैत्री त्याच्या बरीच आधी विरलेली असते, आणि ती विरवण्यात आपल्या नोकरीचा आणि हातातल्या फोनचा वाटा पक्षांपेक्षा मोठा आहे असं माझं मत आहे.

मी मूळचा सांगलीचा. नव्वदच्या दशकात तिथे मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि पुण्यात आलो. बॅचमधले बरेच जण भोसरी, चिंचवड, चाकण भागात लागले. एकाची भोसरीत कॉट बेसिसवर खोली होती, तिथे सगळे जमायचे. वाद तेव्हाही व्हायचे. १९९९ मध्ये काँग्रेसने पक्षातून काढल्यावर पवारांनी राष्ट्रवादी स्थापन केली तेव्हा त्या खोलीत मध्यरात्रीपर्यंत आवाज चढलेले होते, कारण आमच्यातल्या दोघांची घरं पिढ्यान्‌पिढ्या काँग्रेसची. पण तावातावाने बोलणारा समोर बसलेला असायचा. त्याच्या वडिलांचं उसाचं बिल कारखान्याने थकवलंय, बहिणीचं लग्न जमत नाहीये, तो स्वतः ट्रेनी म्हणून तुटपुंज्या पगारावर आहे, हे सगळ्यांना ठाऊक असायचं. एवढं सगळं माहीत असताना कोणी त्याला फक्त त्याच्या पक्षावरून मोजत नव्हतं.

पुढे लग्नं झाली, घरांचे हप्ते सुरू झाले, काही जण सॉफ्टवेअरमध्ये शिरून हिंजवडीला गेले. भेटी थांबल्या आणि त्या जागी ग्रुप आला. सुरुवातीला फार बरं वाटलं, वीस वर्षांपूर्वीचे चेहरे एकदम हाताशी आले. पण ग्रुपवर माणूस काय सांगतो? वाढदिवसाच्या शुभेच्छा, श्रद्धांजली आणि मतं. उसाचं बिल थकल्याचं ग्रुपवर कोणी लिहीत नाही. अप्रेझलमध्ये डावललं, मुलगा अभ्यास करत नाही, बायकोच्या रिपोर्टची भीती वाटतेय, हेही लिहीत नाही. सगळं गाळून खाली मत तेवढं उरतं, आणि नुसत्या मताशी मैत्री कशी करणार?

ऑगस्ट २०१९ चं उदाहरण देतो. सांगलीत आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट आहे, पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. त्या आठवड्यात आमच्या ग्रुपवर राजकारणाचा शब्द नव्हता. कोणाचे आईवडील गावभागात माडीवर अडकलेत, बोट कुठल्या बाजूने येतेय, शामरावनगरात दूध पोचलं का, एवढंच चालू होतं. आठ तारखेला ब्रह्मनाळला बोट उलटल्याची बातमी आली तेव्हा पलूसकडच्या मित्राचा फोन लागेपर्यंत सगळे जागे होते. एरवी एकमेकांना टोकाचं बोलणारे दोघे एकाच टेम्पोत बसून कराडहून पाण्याचे बॉक्स घेऊन गेले. ऑक्टोबरमध्ये विधानसभेची निवडणूक लागली आणि तेच दोघे एकमेकांना ‘भक्त’ आणि ‘गुलाम’ म्हणायला लागले. माणसं तीच, पक्ष तेच. फरक एवढाच की ऑगस्टमध्ये एकत्र करायला काम होतं.

तुमचे मित्र कसे दुरावले ते वाचायला आवडेल. जे कायमचे गेले त्यांच्याबद्दलही लिहा. २०२१ च्या करोना लाटेनंतर त्या विषयावर आपण नीट बोललोच नाही.

वृंदा_ड:

भेटीबद्दल तुम्ही लिहिलंत ते मला मनापासून पटलं. माझ्या मैत्रिणी लोकलच्या डब्यातल्या. डोंबिवलीहून सकाळची ठरलेली फास्ट, लेडीज सेकंड, ठरलेलं दार. भाजी निवडून व्हायची, एकमेकींच्या ब्लाउजपीसची देवाणघेवाण व्हायची, नवरात्रात रंग ठरायचे, दसऱ्याला डब्याला तोरण लागायचं. एकीचं डोहाळजेवण आम्ही ठाणे ते घाटकोपरच्या मध्ये केलंय. सासूशी पटत नाही हे माहेरी न सांगणाऱ्या बायका तिथे सांगायच्या, कारण ऐकणारी दादरला उतरून जाणार असायची आणि उद्या पुन्हा भेटणार असायची.

मार्च २०२० मध्ये लोकल बंद झाली. सर्वांसाठी ठरावीक वेळांत सुरू झाली ती १ फेब्रुवारी २०२१ ला, एप्रिलमध्ये पुन्हा बंद, आणि मग १५ ऑगस्टपासून दोन डोस झालेल्यांना पास. मी पुन्हा ती गाडी धरली तेव्हा आमच्यातल्या तिघीच होतो. कोणाला घरून काम, कोणी व्हीआरएस घेतली, एकीची बँकच दुसऱ्या बँकेत विलीन होऊन तिची बदली झाली. बाकीच्यांचं काय झालं ते मला माहीत नाही. फोन नंबर घ्यायचं कधी सुचलंच नव्हतं, रोज तर भेटत होतो. ठाण्याची मीना, कळव्याच्या जोशी वहिनी, कोर्टात काम करणारी सुनंदा, अशीच नावं. पत्ता नाही, पूर्ण नाव नाही.

९ जून २०२५ ला मुंब्र्याच्या वळणावर दोन लोकलच्या दारातले प्रवासी खाली पडले. मी त्या दिवशी रजेवर होते. बातमीत नावं येईपर्यंत टीव्हीसमोरून हलले नाही. मुलगा म्हणाला, आई, फोन करून विचार ना. कोणाला करणार?

आताच्या डब्यातल्या मुलींना मी दोष देणार नाही. कानात इअरफोन असतात हे खरं, पण त्यातल्या कितीतरी जणी कॉलवर असतात. ऑफिसचे मेसेज सकाळी सातपासून सुरू होतात. आमचं काम सीएसएमटीला उतरल्यावर सुरू व्हायचं, त्यांचं डोंबिवलीलाच सुरू होतं. गप्पा मारायला ती तासाभराची मोकळी जागाच त्यांना मिळालेली नाही.

रात्रपाळी:

चाकणला गाड्यांच्या पार्टच्या कंपनीत आहे. कृष्णाकाठ, तुमच्या वेळी एमआयडीसीला गुरुवारची सुट्टी सगळ्यांना सारखी असायची, म्हणून खोली भरायची. आता आमच्या खोलीवर तिघे राहतो, तिघांच्या तीन शिफ्ट. गादी एक रिकामी होते तेव्हा दुसरा झोपतो. एकाच घरात राहून एकमेकांशी बोलतो ते चिठ्ठीसारखं, मेसेजवर: गॅस संपलाय, पाणी भरून ठेव. त्यात मी कंत्राटी. करार संपला की सात महिन्यांची ओळख संपते, पुढच्या कंपनीत नवे चेहरे. कोणाशी जवळीक करायची हिंमत होत नाही.

शाळामास्तर:

बीड जिल्ह्यात शिक्षक आहे. कृष्णाकाठ, तुमचं म्हणणं शहरासाठी खरं असेल, आमच्याकडे लागू पडत नाही. आम्ही रोज भेटत होतो. मी आणि तो एकाच गावचे, डी.एड.ला एका खोलीत, नंतर नशिबाने एकाच केंद्रात नेमणूक. एका मोटरसायकलवर शाळेत जायचो, पेट्रोल आलटून पालटून. फोनमुळे काही बिघडलं नाही, त्याच्या घरातलं मला आणि माझ्या घरातलं त्याला सगळं माहीत होतं.

१ सप्टेंबर २०२३ ला अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणाच्या आंदोलकांवर लाठीमार झाला, तिथून सगळं बदललं. मी कुठल्या बाजूचा हे मुद्दाम लिहीत नाही, दोन्हीकडे हेच झालंय. आधी चहाची टपरी वेगळी झाली. मग किराणा कोणाकडून घ्यायचा, केस कोणाकडे कापायचे, हे आडनावावरून ठरायला लागलं. मे २०२४ मध्ये लोकसभेचं मतदान झालं, निकाल साडेसहा हजारांच्या फरकाने लागला, आणि गावोगाव कोणी कोणाला मत दिलं याचे हिशेब सुरू झाले. डिसेंबरात मस्साजोगच्या सरपंचांचा खून झाला. २०२५ मध्ये आमच्या पोलीस अधीक्षकांनी पोलिसांच्या छातीवरच्या पाटीवरून आडनाव काढून नुसतं नाव ठेवलं. बाहेरच्या लोकांना ती एक चांगली बातमी वाटली. आम्हाला कळलं की पाणी कुठवर आलंय.

चौथीतल्या पोरानं मला वर्गात विचारलं, सर, तुमचे ते मित्र आपल्यातले नाहीत ना? आपल्यातले. नऊ वर्षांचं पोर.

तुम्ही म्हणता ग्रुपवर फक्त मत उरतं. आमच्यात आलं ते मत नव्हतं. त्याचा पोरगा आणि माझा पोरगा एकाच भरतीचा फॉर्म भरणार आहेत. जागा मोजक्या. आरक्षणाचा जो निर्णय होईल त्यात एकाच्या घरात पगार येईल आणि दुसऱ्याच्या घरात पोरगा तिशीपर्यंत अभ्यासिकेत बसेल. हे दोघांनाही कळतं, म्हणून दोघेही बोलत नाही. नोकऱ्या पुरेशा असत्या तर ही वेळ आली नसती, त्या अर्थी कामाचा संबंध आहेच. पण दोष फोनच्या माथी मारून सुटका होणार नाही.

आता तो वेगळ्या गाडीवर येतो.

कृष्णाकाठ:

मास्तर, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. जिथे हिताचाच प्रश्न आहे तिथे भेटून उपयोग होतो का, हा माझ्यापेक्षा अवघड प्रश्न तुम्ही मांडलाय. तुम्ही दोघं अजिबातच बोलत नाही का?

अनिकेत_वाकड:

मी २७ वर्षांचा, टेस्टिंगमध्ये होतो. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांच्या आसपास लोक कमी करणार म्हणून जाहीर केलं तेव्हा निदान सगळीकडे चर्चा झाली. लहान कंपन्यांत अशी बातमी होत नाही. आमच्याकडे क्लायंटने सांगितलं की निम्मं टेस्टिंग आता टूलनेच होईल, आणि दर शुक्रवारी एकेकाला मीटिंगला बोलवायला लागले. माझी मीटिंग जेमतेम दहा मिनिटं चालली. ती संपेपर्यंत लॅपटॉप लॉक झाला होता.

मित्र कसे गेले ते सांगतो. पाच जणांशी मी रोज दिवसभर बोलायचो, कामाचंही आणि बाकी सगळंही. सगळं टीम्सवर. कोणी बंगळुरूचा, कोणी इंदूरचा, घरून काम असल्याने दोघांना मी प्रत्यक्ष कधी पाहिलंही नाही. ब्रेकअप झाला तेव्हा मला सावरलं ते त्यांनीच. अकाउंट बंद झालं आणि ती चार वर्षांची सगळी बोलणी कंपनीच्या ताब्यात गेली. नंबर तिघांचेच होते. त्यातल्या दोघांनी पहिल्या आठवड्यात विचारपूस केली, मग थांबले. माझ्याशी बोलताना त्यांना स्वतःची पाळी दिसत असावी, मी त्यांना वाईट म्हणत नाही.

हल्ली रात्री चॅटजीपीटीशी बोलतो. रेझ्युमे त्याच्याकडूनच नीट करून घेतला, इंटरव्ह्यूचे प्रश्न विचारून घेतो, आणि कधी कधी नुसतंच बोलतो. तो कंटाळत नाही, न्याय करत नाही, रात्री दोनलाही हजर असतो. खरंच आधार वाटतो, हे सांगायला मला संकोच नाही. पण मंगळवारी इंटरव्ह्यू आहे हे त्याला सांगितलेलं असतं आणि बुधवारी फोन वाजत नाही.

नाना_सातारकर:

अनिकेत बाळा, इंटरव्ह्यू कधी आहे ते इथे लिही, दुसऱ्या दिवशी मी विचारीन. आणि रिलीव्हिंग लेटर, शेवटच्या तीन पगाराच्या स्लिपा आणि पीएफमध्ये बाहेर पडल्याची तारीख कंपनीने भरली आहे की नाही, हे आत्ताच बघून घे. नंतर एचआरवाले फोन उचलत नाहीत.

दूरदेशी:

न्यू जर्सीतून लिहितोय. एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर आहे. १९ सप्टेंबर २०२५ ला नव्या अर्जांवर १ लाख डॉलर शुल्काची घोषणा झाली, तेव्हा पहिले काही तास कोणालाच कळत नव्हतं की जुन्यांना लागू आहे की नाही. माझा सहकारी सुट्टीसाठी विमानात बसला होता, दार लागायच्या आत उतरला. त्याच रात्री शाळेच्या ग्रुपवर एकाने टाकलं, बरं झालं, आता या परत. दुसऱ्याने लिहिलं, तुम्हीच ट्रम्पला निवडून दिलंत. मला इथे मतदानाचा हक्कच नाही. हे लिहिणारा माझ्याबरोबर सहावीपासून एका बाकावर बसलेला. मी काही उत्तर दिलं नाही. बायको म्हणाली, लिही. मी म्हटलं, त्याला माहीत असायला हवं होतं.

पण मला लिहायचंय ते वेगळ्याबद्दल. माझा सगळ्यात जवळचा मित्र एप्रिल २०२१ मध्ये नाशिकमध्ये करोनाने वारला. ऑक्सिजन बेडसाठी मी इथून रात्रभर फोन करत होतो, प्रत्येक यादीतला प्रत्येक नंबर. बेड मिळाला, तिसऱ्या दिवशी तो गेला. मला निघता आलं नाही. ४ मेपासून भारतातून येणाऱ्यांवर अमेरिकेने बंदी घातली, गेलो असतो तर नोकरी आणि घर इकडे आणि मी तिकडे. त्याच्या आईशी व्हिडिओवर बोललो. तिने फोन त्याच्या फोटोकडे वळवला.

त्या वर्षी पावसाळा संपत आला असताना कॉलेजच्या ग्रुपवर एक ओळ आली: तो ग्रुप सोडून गेला. चार महिने कोणी वापरलं नाही की व्हॉट्सअ‍ॅप खातं काढून टाकतं, म्हणजे १२० दिवस, हे मला नंतर समजलं. तेव्हा पोटात गोळा आला. खाली लगेच एकाचा प्रश्न, हा का गेला, कोणावर रागावला का? तो औरंगाबादचा वर्गमित्र. चार महिने झाले होते आणि त्याला कळलंच नव्हतं. आमच्यातल्या कोणी त्याला फोन केला नव्हता, आणि श्रद्धांजलीचे मेसेज रोजच्या पन्नास फॉरवर्डच्या खाली गेले होते.

पुढे तो नंबरही दुसऱ्याला मिळाला. बंद झालेला नंबर किमान ९० दिवस कोणाला देत नाहीत, त्यानंतर तो पुन्हा फिरायला लागतो. माझ्या यादीत मित्राच्या नावापुढे आता एका अनोळखी बाळाचा फोटो दिसतो. बाळ थोडं मोठं झालं की फोटो बदलतो. नाव काढून टाकायला माझा हात धजत नाही.

माधवी:

दूरदेशी, वाचून डोळे भरले. एक उपयोगाचं सांगते, कारण माझी मैत्रीण गेल्यावर तिच्या नवऱ्याला फार त्रास झाला. तिचा आवाज फक्त व्हॉइस नोटमध्ये होता आणि सिम बंद होण्याआधी त्या काढून घ्यायचं कोणाला सुचलं नाही. माझ्याकडे होत्या त्या मी दिल्या, त्यातल्या एकीत ती मला साबुदाणा किती वेळ भिजवायचा ते सांगतेय. मुलीने ती जपून ठेवलीय. तेव्हा नंबर चालू आहे तोवर आवाज, फोटो वेगळे साठवून घ्या. गूगलमध्ये अशी सोय आहे की अमुक महिने खातं वापरलं गेलं नाही तर तुम्ही ठरवलेल्या माणसाला कळवलं जातं. ती भरून ठेवा, कारण दोन वर्षं न वापरलेली खाती गूगल काढून टाकू शकतं. फेसबुकवरही आपल्यामागे पान कोण सांभाळेल त्याचं नाव देता येतं.

शाळामास्तर:

कृष्णाकाठ, तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. सप्टेंबर २०२५ च्या शेवटी मराठवाड्यात जो पाऊस झाला त्यात त्याचं सिंदफणेकाठचं रान खरवडून गेलं. सोयाबीन तर गेलंच, मातीही गेली. मी न विचारता गेलो. दोघांनी मिळून गुडघाभर चिखलात पंचनाम्यासाठी फोटो काढले, त्याची विहीर बुजली होती ती पाहिली. त्याच्या बायकोने चहा दिला. दोन वर्षांनी त्या घरात चहा घेतला. तुमचं पुराचं उदाहरण वाचून तेच आठवलं.

पण त्याआधीच, २ सप्टेंबरला, मराठ्यांच्या कुणबी दाखल्यांसाठी हैदराबाद गॅझेटचा जीआर निघालेला होता. पाणी ओसरल्यावर गावात पुन्हा तोच विषय. तो अजूनही वेगळ्या गाडीवर येतो. मात्र आता फाटकाशी थांबतो, मी आल्यावर दोघे आत जातो.

नाना_सातारकर:

आमच्या निवृत्तांच्या ग्रुपवर आम्ही राजकारण आणि जात दोन्हींवर बंदी घातली. जो टाकेल त्याला ॲडमिन काढतो. तेव्हापासून शांतता आहे. इतरांनीही करून बघावं.

शाळामास्तर:

नाना, वयाने मोठे आहात, राग मानू नका. माझ्या घरातली सगळ्यात मोठी काळजी पोराच्या भरतीची आहे. तीच बोलायची नाही असं ठरलं तर मित्राशी मी बोलू काय? त्याचीही तीच काळजी आहे. बंदी घातल्याने आम्ही भांडणार नाही, पण एकमेकांना काही सांगणारही नाही.

वृंदा_ड:

मास्तरांशी सहमत. डब्यात आम्ही सगळं बोलायचो, मोर्चे, दंगली, आरक्षण, सगळं. एकदा एकीने रागाने जागा बदलली होती. दुसऱ्या दिवशी तिची जागा धरून ठेवली, ती येऊन बसली. ग्रुप सोडणाऱ्यासाठी अशी जागा कोणी धरून ठेवत नाही, हीच फोनची अडचण आहे.

अनिकेत_वाकड:

नाना, गुरुवारी अकराला आहे, बाणेरला. आणि इंदूरवाल्याला लिंक्डइनवर शोधलं, त्यालाही काढलंय. तो महिनाभर मला कसं सांगावं या विचारात होता.

नाना_सातारकर:

शुक्रवारी सकाळी विचारतो. मास्तर, राग कसला, तुमचं बरोबर वाटतंय. ॲडमिनशी बोलून बघतो.

कृष्णाकाठ:

नाना, आमच्या बॅचनेही २०२४ च्या विधानसभेनंतर तुमच्यासारखाच नियम केला होता. भांडणं थांबली हे खरं. पण त्यानंतर ग्रुपवर वाढदिवस आणि श्रद्धांजलीच उरल्या, आणि तीन जणांच्या नोकऱ्या गेल्याचं आम्हाला बाहेरच्यांकडून कळलं. त्यातला एक तो टेम्पोवाला. दुसऱ्या टेम्पोवाल्याने हे ऐकल्यावर ग्रुपवर काही न लिहिता सरळ भोसरीतल्या आपल्या ओळखीच्या वर्कशॉपमध्ये शब्द टाकला. दोघांचं मत तसूभर बदललेलं नाही. पहिला सोमवारपासून तिथे क्वालिटीला रुजू झालाय.